पीक राखणीसाठी बंदूक आणि काडतूस कसं निवडावं: खान्देशातल्या शेतकऱ्यासाठी सविस्तर माहिती

मक्याचं कणीस दुधात भरलं की रानडुकरांचे कळप वावरात उतरतात. हरभऱ्याला घाटे धरले की रोही, म्हणजे नीलगायी, येतात. रावेर-यावलकडे डुकरं केळीची कोवळी खोडं उकरून टाकतात, साक्री-शिरपूरकडे भुईमूग आणि मका एका रात्रीत लोळवतात. अशा दोन-तीन रात्री गेल्या की घरात विषय निघतो, "बंदुकीचा परवाना काढून टाकू." आणि परवान्याचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, रायफल घ्यावी का बारा बोअर?"

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. खान्देशातल्या बहुतेक वावरांसाठी बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन गुळगुळीत नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक, आणि बसायला पक्कं मचाण, एवढं पुरे. रायफल फार थोड्या जागी योग्य ठरते. कारण आपल्याकडे प्रश्न गोळीच्या ताकदीचा नाही. ती गोळी जनावराला लागून पार झाली तर कुठे थांबेल आणि लागलीच नाही तर कुठे थांबेल, हा खरा प्रश्न आहे. बंदूक, काडतूस, बसायची जागा हे सगळं याच एका प्रश्नावरून ठरवत जायचं.

दोन वेगळे कागद

एक गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण त्यापायी चांगली माणसं कोर्टाच्या पायऱ्या चढतात. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. परवाना शस्त्र अधिनियम १९५९ खाली जिल्हादंडाधिकारी देतात. रानडुक्कर आणि रोही मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दोन्ही अनुसूची २ मध्ये येतात. शिकारीला बंदी आहे ती याच कायद्याच्या कलम ९ ने. उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायला कलम ११ खाली लेखी परवानगी लागते आणि त्यासाठी आपल्याकडे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करतात. अर्जाची पोच घ्या. परवानगी हातात आली की शांतपणे वाचा: कोणतं जनावर, कोणतं गाव आणि गट नंबर, किती दिवस, कोणत्या अटी. परवानगीशिवाय मारलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अनुसूची १ मधल्या जनावराला, म्हणजे काळवीट, चिंकारा, बिबट्या यांना धक्का लागला तर शिक्षा याहून कडक आहे. बिबट्या केळीत दिसला तर वनखात्याला फोन करायचा, तिथे तुमच्या बंदुकीचं काम संपतं.

परवान्याच्या अर्जाबद्दल थोडं. अर्ज ऑनलाइन भरतात, वय २१ पूर्ण लागतं, पोलीस चौकशी होते, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला जोडावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा असतो आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ शस्त्रं ठेवता येतात. गुळगुळीत नळीची, किमान २० इंच नळी असलेली बंदूक संरक्षणासाठी मागणारा किंवा ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक खऱ्याखुऱ्या पीक राखणीसाठी मागणारा अर्जदार, या दोघांचा कलम १३ मध्ये स्वतंत्र उल्लेख आहे. रायफल मागितली तर सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणजे कायद्याचा कलही शेतकऱ्याला बारा बोअरकडेच नेतो.

आता एक गोष्ट खास आपल्या भागाची. अभयारण्याच्या सीमेपासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, आणि आधीपासून बंदूक असलेल्याने तिची नोंद वनखात्याकडे करायची असते. यावल अभयारण्य, शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य आणि चाळीसगावच्या डोक्यावरचं गौताळा औट्रमघाट, या तिन्हींच्या भोवती शेकडो वावरं या टप्प्यात येतात. अर्ज करण्याआधी आपलं गाव त्यात बसतं का हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. नाहीतर फाइल महिनोन्महिने कुठे अडकली तेच कळत नाही.

राज्याच्या सीमेपलीकडून चोरून येणाऱ्या गावठी बंदुकीचं नाव काढू नका. तिच्या नळीचं पोलाद कोणतं, काडतुसाचा दाब ती सोसेल का, हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. तुरुंग वेगळा, पण त्याआधी हाताची बोटं जातात.

आणि बंदुकीआधी झटका मशीन किंवा सौर कुंपण लावून पाहा. लहान क्षेत्राला ते बंदुकीपेक्षा स्वस्त आणि जास्त भरवशाचं पडतं, रोज रात्री जागावं लागत नाही. मोटरच्या खांबावरून थेट तार ओढून कुंपणात वीज सोडणं हा मात्र गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत.

आधी वावर पाहा

बंदुकीच्या दुकानात जाण्याआधी एकदा दिवसा आणि एकदा रात्री वावराला चक्कर मारा. जिथून जनावर शिरतं ती वाट, जिथे ते चरतं ती जागा आणि तुम्ही बसाल ती जागा, या तिघांतलं अंतर पावलांनी मोजा. मग बसायच्या जागेवरून जनावराच्या जागेकडे पाहा आणि तीच रेघ मनाने पुढे नेत राहा. त्या रेघेवर काय आहे? शेजाऱ्याचं खळं, सालदाराची झोपडी, पाणंद, धरणगावकडे जाणारा डांबरी रस्ता, बसलेली मेंढरं?

शेतीची वीज कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रपाळी असली की मध्यरात्रीही कुणीतरी शेजारच्या वावरात पाणी भरत असतो, बॅटरी विझवून बांधावर बसलेला असतो. तो दिसत नाही. केळीच्या बागेच्या पलीकडे असेल तर मुळीच दिसत नाही. केळीचं खोड म्हणजे पाण्याने भरलेले पापुद्रे. त्यात गोळी अडेल अशी आशा कुणी धरू नये, आणि पानाने तर ती हलतही नाही.

आता थोडं गणित करू, कारण यातच सगळं आहे. सपाट काळ्या रानात तुम्ही उभे आहात, नळी जमिनीपासून १.४ मीटरवर. रोही ८० मीटरवर उभा आहे आणि त्याच्या छातीचा नेम ०.९ मीटर उंचीवर आहे. एवढ्या अंतरात रायफलच्या गोळीचा मार्ग जवळजवळ सरळच धरता येतो. म्हणजे ८० मीटर जाताना गोळी अर्धाच मीटर खाली आली. ती पार गेली किंवा चुकली, तर उरलेले ०.९ मीटर उतरायला तिला आणखी १४४ मीटर लागतील. त्या टप्प्यात उभा माणूस, बसलेला माणूस, बैल, सगळे तिच्या वाटेवर आहेत. आणि ती जमिनीला टेकेल ती इतकी तिरपी की रुतण्याऐवजी उसळून पुढे जाईल. मुरमावर उसळेल, चारीतल्या पाण्यावरूनही उसळेल. धुळे-नंदुरबारकडे काळ्या दगडाच्या ज्या लांबच लांब भिंतीसारख्या टेकाडांच्या रांगा आहेत, त्यांना "मागे डोंगर आहे" म्हणून आडोसा समजू नका. त्या दगडावरून गोळी कुठल्या दिशेला फुटेल ते सांगता येत नाही.

आता मचाणावर बसा. नळी ४.५ मीटर उंचीवर, डुक्कर २५ मीटरवर, नेम अर्धा मीटर उंचीवर. २५ मीटरमध्ये गोळी ४ मीटर उतरली. उरलेला अर्धा मीटर उतरायला तिला आणखी जेमतेम ३ मीटर लागतात, की ती मऊ जमिनीत रुतली. बंदूक तीच, काडतूस तेच, फक्त माणूस वर बसला आणि गोळीचा पुढचा प्रवास १४४ मीटरवरून ३ मीटरवर आला. म्हणून मी मचाणाला बंदुकीचाच भाग समजतो आणि पैसे कमी पडत असतील तर बंदूक साधी घ्या, पण मचाण मजबूत बांधा असं प्रत्येकाला सांगतो. निंबाचं किंवा चिंचेचं झाड जागेवर असेल तर उत्तमच. नसेल तर लोखंडी पाइपचं करून घ्या. भरलेली बंदूक घेऊन मात्र शिडी चढायची नाही. रिकामी बंदूक दोरीने वर घ्या, नळी खाली ठेवून.

जनावर कसं आहे

वाढलेलं रानडुक्कर ६० ते १०० किलोपर्यंत भरतं, क्वचित त्याहून जास्त. त्याचं हृदय आपण समजतो त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल असते. बारीक छर्रे तिथे कातडीतच राहतात. असं जखमी डुक्कर मरत नाही, नाल्यात जाऊन पडतं आणि सकाळी लाकडं वेचायला आलेल्या बाईच्या अंगावर येतं.

रोह्याचा नर २०० किलोच्या पुढे जाऊ शकतो आणि तो भयंकर चिवट असतो. छातीत नीट लागलं नाही तर तो तसाच पळत तापीच्या घळीत उतरतो आणि मग सापडत नाही. रोह्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. तो भित्रा प्राणी आहे, कुंपणाने, कुत्र्यांनी, आवाजाने हटतो. त्याच्यासाठी बंदुकीचा विचार अगदी शेवटी करावा. डुकराची गोष्ट वेगळी आहे. ते हट्टी असतं, आज हाकललं तर उद्या दुसऱ्या बांधावरून येतं.

बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले एवढ्यावर कधीही नेम धरायचा नाही. चमक गाईच्या डोळ्यांत असते, कुत्र्याच्या असते, बिबट्याच्याही असते. पूर्ण अंग दिसलं पाहिजे, आणि मागची जमीनही.

बंदुकीचे प्रकार

ठासणीची बंदूक. अजूनही कित्येक पीक राखणीचे परवाने याच बंदुकीचे आहेत. एकच बार निघतो, पावसाळ्यात दारू सर्दावते, पुन्हा भरायला वेळ लागतो. आवाज मोठा होतो, त्यामुळे हाकलायला चांगली. मारायला मी ती सुचवणार नाही, कारण दुसरा बार लगेच मिळत नाही. वापरत असाल तर एक काम आजच करा. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत घाला आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. नेमका भरणा भरून गज परत घाला, दुसरी खूण करा. पुढे केव्हाही गज घातला की बंदूक रिकामी आहे, भरलेली आहे की चुकून दोनदा भरली गेली आहे ते खुणेवरून लगेच कळतं. दोनदा भरलेल्या नळ्या फुटल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. घोडा पडला आणि बार निघाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान मिनिटभर थांबा. कधीकधी दारू उशिरा पेट घेते.

बारा बोअर. नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. एका पौंडाच्या शिशातून सारख्या मापाच्या १२ गोळ्या पडतील, त्यातल्या एका गोळीएवढी नळी, म्हणून बारा बोअर. एकनळी स्वस्त आणि हलकी, पण हलकी म्हणूनच खांद्याला जास्त धक्का देते. पंप अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे पुढचं लाकूड मागेपुढे ओढून काडतूस चढवायच्या बंदुकीत, जास्त काडतुसं बसतात, पण आत नेमकी किती राहिली ते अंधारात बघून कळत नाही. माझी पसंती आडव्या दुनळीला. सांध्यातून मोडून उघडली की दोन्ही खाने, म्हणजे काडतूस बसायच्या जागा, डोळ्यासमोर. भरलेली का रिकामी, या प्रश्नाला जागाच राहत नाही. एका नळीत एक काडतूस, दुसरीत दुसऱ्या प्रकारचं, अशी सोयही मिळते. बाहेर घोडे असलेली जुनी दुनळी असेल तरी हरकत नाही, घोडा चढलाय का उतरलाय ते अंगठ्याला समजतं.

नळीच्या तोंडाशी आतून जी थोडी अरुंद ठेवण असते तिला चोक म्हणतात. पाखरं मारायच्या काळात फुल चोकची हौस होती. तुमच्या कामाला उघडी किंवा किंचित चोकची नळी हवी. मोठे छर्रे फुल चोकमधून दाटीने घुसताना एकमेकांवर चेपतात आणि बाहेर पडल्यावर वेडेवाकडे जातात. एकगोळीचं काडतूस तर, डब्यावर बनवणाऱ्याने तसं लिहिलेलं नसेल तर, फुल चोकमधून उडवूच नका.

रायफल. परवान्यावर सर्वसामान्य माणसाला मिळू शकणाऱ्या रायफलींत आपल्याकडे तीन नावं ऐकू येतात: .२२, .३१५ आणि .३०-०६. .३०३, ७.६२ ही लष्करी मापं प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात, त्यांचा विचारही करायचा नाही.

.२२ ची गोळी अवघी अडीच ग्रॅमच्या आसपास. निशाणेबाजी शिकायला याहून चांगलं काही नाही, डुकरावर ती चालवणं म्हणजे त्याला जखमी करून सोडणं. पण तीच हलकी गोळी चुकली तर दोन किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, हे लक्षात असू द्या. .३१५ ही आपल्या देशातली जुनी ओळखीची रायफल. लष्कराचं .३०३ काडतूस सामान्य माणसाच्या हाती नको, या इंग्रजी काळातल्या धोरणातून हे माप इथे रुळलं. गोळी जवळपास १६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वासहाशे मीटरच्या घरात. ताकद काढायची तर अर्धं वजन गुणिले वेगाचा वर्ग: सुमारे ३,१०० जूल. .२२ ची हीच ताकद दीड-पावणेदोनशे जूल भरते. रोह्याला .३१५ पुरून उरते. .३०-०६ तिच्याहून वेगवान, आणि तिची गोळी तीन-चार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. यावलच्या बसस्टँडवर उभं राहून तीन-चार किलोमीटर म्हणजे किती गावठाणं, किती मळे, याचा विचार करा.

मग रायफल कोणी घ्यावी? ज्याच्या वावराच्या मागे सातपुड्याचा मातीचा चढ सरळ उभा आहे, किंवा जो तापीकाठच्या खोल घळीत वरून खाली नेम धरतो आणि समोर मातीची उंच दरड आहे, अशा थोड्यांनी. त्यातही .३१५ पुरे. इतरांनी बारा बोअर.

काडतूस

बंदूक एकदा घेतली की झालं, काडतूस मात्र दर वेळी निवडावं लागतं. आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

बारीक छर्ऱ्यांची काडतुसं, ४ नंबर, ६ नंबर, पाखरांसाठी बनलेली. डुकरावर ती चालवू नका. "घाबरवायला मारला" म्हणणाऱ्यांच्या वावरात मी आंधळी झालेली डुकरं पाहिली आहेत. आठ-पंधरा दिवस तडफडून मरतात ती. बीबी, म्हणजे त्याहून थोडे मोठे छर्रे, तेही नकोत. डुकरासाठी एलजी किंवा एसजी. एलजीचा छर्रा साधारण ९ मिलिमीटरचा, एसजीचा साडेआठच्या आसपास, काडतुसात असे सहा ते नऊ छर्रे. एसएसजीचे छर्रे लहान आणि जास्त, ते १५-२० मीटरच्या पुढे मी वापरणार नाही. एलजी-एसजीची हद्द २५ मीटर, फार तर ३०. त्यापुढे छर्रे इतके पसरतात की एखादाच पोटात लागतो. एकगोळीचं काडतूस ४०-५० मीटरपर्यंत नीट काम करतं. वजनाने ती गोळी २८ ग्रॅमच्या आसपास, ताकदीने .३१५ च्या जवळपास. पण छर्ऱ्यांपेक्षा नेम जास्त चोख धरावा लागतो आणि चुकलेली गोळी किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. एसजीचा छर्राही अर्ध्या किलोमीटरच्या पुढे जातो, त्यामुळे "छर्राच आहे" म्हणून बेफिकीर राहायचं कारण नाही.

मचाणावर दुनळी घेऊन बसलात तर पहिल्या नळीत एलजी आणि दुसरीत एकगोळी, अशी जोडी ठेवा. पहिला बार जवळ आणि शांत उभ्या जनावरावर, दुसरा फक्त जखमी जनावराची सुटका करायला.

काडतुसाची लांबी पाहा. नळीवर खान्याची लांबी कोरलेली असते: ६५, ७० किंवा ७६ मिलिमीटर. इंचात असेल तर अडीच, पावणेतीन, तीन. ७० चं काडतूस ६५ च्या खान्यात बसतं, बंदूक मिटतेही, आणि इथेच धोका आहे. काडतुसाची घडी उघडायला पुढे जागा मिळत नाही आणि दाब एकदम वाढतो. लांबी काडतुसावर लिहिलेली असते ती उडाल्यानंतरची. आणखी एक: बारा बोअरच्या पिशवीत वीस बोअरचं काडतूस कधीही येऊ देऊ नका. ते नळीत घसरून पुढे अडकतं, खाना रिकामा दिसतो, माणूस मागून बाराचं घालतो आणि नळी फुटते. याचसाठी वीस बोअरची काडतुसं बहुतेक ठिकाणी पिवळ्या रंगाची करतात.

रायफलला सॉफ्ट नोज, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली गोळी. ती जनावरात फुलते, बहुतेक वेळा ताकद तिथेच खर्च करते. पूर्ण तांब्याच्या कवचाची गोळी सुईसारखी पार जाते, जनावर जखमी होऊन पळतं आणि गोळी पुढच्या वावरात जाते.

वरणगावला आयुध निर्माणी आहे, तिथे लहान शस्त्रांची काडतुसं बनतात, म्हणून पुष्कळांना वाटतं की ओळखीने तिथून काही मिळेल. मिळत नाही, आणि मागूही नये. काडतूस फक्त परवानाधारक दुकानातून, परवान्यावर नोंद करून. एका वेळी किती आणि वर्षाला किती ठेवता येतील तेही परवान्यावरच लिहिलेलं असतं.

जुनी बंदूक घेताना

खान्देशात जुन्या वाड्यांत आजोबा-पणजोबांची बंदूक असते. परवानाधारक वारला, किंवा त्याचं वय ७० झालं, किंवा ती बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं झाली, तर वारसाला तिच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. भावना समजते, पण उडवण्याआधी ती बंदूक तपासा.

नळ्या उघडून उजेडाकडे धरा आणि आतून पाहा. नितळ नळीत सावलीच्या गोल रेघा एकात एक दिसतात. कुठे रेघ तुटली तर तिथे पोचा आहे, बाहेर फुगली तर तिथे नळी कधीतरी फुगलेली आहे. फुगलेली नळी नको. बारीक खड्डे खान्याजवळ असतील तर नको, तोंडाशी थोडे असतील तर बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराला विचारा. नळीवर लाकडाच्या गाभ्यासारखी लाटांची नक्षी दिसली तर ती लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी आहे, काळ्या दारूच्या काळातली. आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही. भिंतीवर लावा.

पुढचं लाकूड काढा, बंदूक मिटा, दस्ता धरून हलवा. सांध्यात खुळखुळ वाटली किंवा नळी आणि मागच्या पाट्याच्या मधून उजेड दिसला तर सांधा ढिला झालाय. मग रिकाम्या बंदुकीचे घोडे चढवून, ताळा (सेफ्टी) काढून, दस्ता रबरी चटईवर हलकेच आपटा. घोडा आपोआप पडला तर ती बंदूक घरात आणू नका.

अंगाला बसते का

डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, डोळे उघडा. नळीवरचा मणी सरळ समोर दिसला पाहिजे. नळीची बाजू दिसत असेल तर दस्ता तुमच्या मापाचा नाही. कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या खोबणीत ठेवला तर बोटाचं पहिलं पेर चापापर्यंत पोचावं. थंडीत जाड स्वेटर घालून बसणार असाल तर स्वेटर घालूनच माप पाहा. बंदूक तीन-सव्वातीन किलोची असावी. फार हलकी बंदूक दुकानात आवडते, खांद्याला आवडत नाही.

मग कागद. मीटर-दीड मीटरचा कागद परवानगी असलेल्या रेंजवर लावा आणि तुमच्या बंदुकीतून, तुमच्याच काडतुसाने १५, २०, २५ आणि ३० मीटरवरून प्रत्येकी एक बार घ्या. कागदाच्या मधोमध जेवणाच्या ताटलीएवढं, २० सेंटिमीटरचं वर्तुळ काढलेलं असू द्या. ज्या अंतरापर्यंत त्यात किमान तीन-चार छर्रे पडतात, ती तुमची हद्द. काहींची २० वरच संपते. मचाणावर बसायच्या दिवशी त्या अंतरावर चुन्याची खूण करून ठेवा आणि खुणेच्या पलीकडच्या जनावरावर बार काढू नका.

काडतुसं कुठे ठेवाल

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा जीपच्या काचेमागे काडतुसं राहिली तर ती तापतात, दारू खराब होते आणि दाबाचा भरवसा राहत नाही. घराच्या आतल्या, सावलीच्या खोलीत, कुलपात ठेवा, बंदुकीपासून वेगळी. तेल लावू नका, ते आत झिरपून टिकली, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, निकामी करतं. कागदी आवरणाची काडतुसं पावसाळ्यात फुगतात. फुगलेलं काडतूस दाबून बसवू नका. पितळेवर हिरवं चढलेलं असेल तर ते दुकानदाराला दाखवा.

बंदूक स्वतःच वापरायची. भाचा, सालदार, मित्र, कुणाच्याही हाती द्यायची नाही, त्यांच्याकडे परवाना नसेल तर तो त्यांचाही गुन्हा आणि तुमचाही. नेताना रिकामी आणि कव्हरमध्ये. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश येतो, तेव्हा पावती घ्या. लग्नात हवेत बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

बार झाल्यानंतर

जनावर पडलं तरी लगेच उतरू नका. दुसरी नळी तयार ठेवून दहा-पंधरा मिनिटं पाहा. मग बंदूक रिकामी करा, खाली उतरा, खाली पुन्हा भरा आणि जनावराच्या पाठीकडून जा. लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही तर ते संपलं. जखमी होऊन केळीत किंवा मक्यात शिरलं तर रात्री मागे जाऊ नका. शेजारच्या वावरातल्या माणसांना फोन करून सावध करा, वनरक्षकाला कळवा आणि उजाडल्यावर त्याच्यासोबत शोध घ्या.

मारलेलं जनावर शासनाची मालमत्ता असतं. मांस वाटणं, सुळे काढून ठेवणं, फोटो काढून ग्रुपवर टाकणं, यातलं काहीही करायचं नाही. वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा, ते येईपर्यंत जनावर हलवू नका. पंचनाम्यात गट नंबर, वेळ, परवानगीपत्राचा क्रमांक आणि उडालेल्या काडतुसांची संख्या नीट लिहिली जाते का ते पाहा. रिकामी काडतुसं जपून ठेवा. पंचनाम्याची प्रत परवान्याच्या फाइलला लावा, नूतनीकरणाच्या वेळी काडतुसांचा हिशेब विचारला तर तोच कागद दाखवता येतो.